तिमाही विक्रीचा अंदाज : कलरेषा चौथ्या तिमाहीला गेल्या वर्षापेक्षाही कमी का दाखवते?

प्रश्न : हिशेबी_नवखा

एका उत्पादनाच्या तीन वर्षांच्या, म्हणजे सलग बारा तिमाह्यांच्या, विक्रीचे आकडे माझ्यापुढे आहेत आणि त्यांवरून पुढच्या चार तिमाह्यांचा अंदाज मला द्यायचा आहे. आकडे हजार नगांत असे आहेत :

पहिले वर्ष : १७०, २१८, २०९, ३१०
दुसरे वर्ष : १९८, २६३, २४०, ३६६
तिसरे वर्ष : २३४, २९७, २८२, ४१५

तिमाह्यांना मी १ ते १२ असे क्रमांक दिले, शेजारच्या रकान्यात विक्री लिहिली आणि एक्सेलमधले ‘ट्रेंड’ हे सूत्र वापरून १३ ते १६ या क्रमांकांसाठी अंदाज काढला. उत्तर आले ते ३५७, ३७१, ३८५ आणि ३९९. ‘फोरकास्ट.लिनिअर’ वापरून पाहिले तर पुन्हा तेच आकडे आले, त्यामुळे सूत्र भरण्यात चूक झाली असेल असे वाटत नाही.

अडचण अशी आहे की प्रत्येक तिमाहीची विक्री आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा वाढलेली आहे, आणि याला एकही अपवाद नाही. तरीही चौथ्या तिमाहीचा अंदाज ३९९ येतो, जो गेल्या वर्षीच्या प्रत्यक्ष ४१५ पेक्षा कमी आहे. आणि जी पहिली तिमाही आजवर कधी २३४ च्या वर गेली नाही, तिचा अंदाज मात्र ३५७ येतो. पहिला आकडा हाताने थोडा खाली आणि चौथा थोडा वर करून टाकावा, असे एका सहकाऱ्याने सुचवले आहे. पण ‘थोडा’ म्हणजे किती, हे सांगता येणार नसेल तर सूत्र वापरण्याला अर्थ उरत नाही. हंगामी फरक पकडणारी, आणि कोणी विचारले तर पायरीपायरीने समजावून सांगता येईल अशी, पद्धत कोणती?

उत्तर : काटेकोर

तुमचे सूत्र बरोबर आहे. त्याला दिलेली मालिका मात्र त्याच्याजोगी नाही. ‘ट्रेंड’ किंवा ‘फोरकास्ट.लिनिअर’ ही सूत्रे बिंदूंमधून लघुतम वर्ग पद्धतीने, म्हणजे बिंदूंपासूनच्या उभ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीतकमी राहील अशी, एकच सरळ रेषा (कलरेषा) काढतात आणि ती पुढे वाढवतात. चौथी तिमाही दरवर्षी उंच असते हे त्या रेषेला कळण्याचा मार्गच नाही, कारण तिला फक्त १ ते १२ हे क्रमांक ठाऊक आहेत. त्यामुळे चार तिमाह्यांमधले चढउतार पुसले जाणार, हे तुम्ही ओळखलेच आहे.

याहून गंभीर गोष्ट मात्र तुमच्या नजरेतून सुटली आहे, ती म्हणजे या रेषेचा उतारही (तिमाहीगणिक वाढीचा दर) चुकलेला आहे. तुमच्या आकड्यांवर तो तिमाहीला १३.९४ इतका येतो. आता वार्षिक बेरजा करून पाहा : ९०७, १०६७ आणि १२२८. वाढ आधी १६० ची, मग १६१ ची. वर्षाला १६० म्हणजे दर तिमाहीच्या सरासरीत वर्षभरात ४० ची भर, आणि म्हणून एका तिमाहीतून दुसऱ्या तिमाहीत जाताना साधारण १० ची वाढ. मग रेषेने १३.९४ कुठून आणले? तुमची मालिका सर्वांत मंद तिमाहीने सुरू होते आणि सर्वांत तेज तिमाहीने संपते. रेषेचे डावे टोक त्यामुळे खाली ओढले जाते, उजवे टोक वर उचलले जाते, आणि हंगामाचा काही भाग वाढ म्हणून मोजला जातो. तुमच्या चार अंदाजांची बेरीज १५१३ च्या पुढे जाते, म्हणजे एका वर्षात २८५ ची वाढ, जी या उत्पादनाने कधीच दाखवलेली नाही. चढउतार हाताने दुरुस्त करण्याची सूचना याच कारणासाठी टाळावी; वाकडी झालेली रेषा तशीच राहील आणि ती दुरुस्त झाल्याचा आभास मात्र होईल.

म्हणून क्रम उलटा हवा : आधी आकड्यांतून हंगाम काढायचा, उरलेल्या मालिकेवर कलरेषा बसवायची, ती पुढे न्यायची आणि शेवटी प्रत्येक तिमाहीचा हंगाम परत घालायचा.

हंगाम काढण्यासाठी प्रथम हंगाम नसलेली पातळी हवी, आणि ती चार तिमाह्यांच्या चल सरासरीतून, म्हणजे दर वेळी एक तिमाही पुढे सरकत काढलेल्या सरासरीतून, मिळते, कारण कोणत्याही सलग चार तिमाह्यांत चारही हंगाम एकेकदा येऊन जातात. मात्र चार ही सम संख्या असल्याने त्या सरासरीचा मध्य दोन तिमाह्यांच्या मधोमध पडतो. यावर उपाय म्हणजे लागोपाठच्या दोन सरासऱ्यांची पुन्हा सरासरी घेणे, म्हणजेच चल सरासरी केंद्रित करणे. उदाहरणार्थ, तिमाही १ ते ४ ची बेरीज ९०७ आणि २ ते ५ ची ९३५; दोन्ही मिळवून ८ ने भागले की तिसऱ्या तिमाहीची केंद्रित पातळी २३०.२५ येते. असेच पुढे करत गेलात तर तिसऱ्या ते दहाव्या तिमाहीपर्यंत आठ पातळ्या मिळतील : २३०.२५, २३९.३८, २४८.८८, २५९.७५, २७१.२५, २८०, २८९.५ आणि ३००.८८. पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन तिमाह्यांना पातळी मिळत नाही. या पद्धतीची ती किंमत आहे.

आता प्रत्यक्ष विक्रीला त्या त्या पातळीने भागा. चौथ्या क्रमांकाला ३१० भागिले २३९.३८ म्हणजे १.२९५, आठव्याला ३६६ भागिले २८० म्हणजे १.३०७. दोन्ही चौथ्या तिमाह्याच, म्हणून त्यांची सरासरी १.३०११. याच रीतीने पहिल्या तिमाहीला ०.८०१९, दुसरीला ०.९९९८ आणि तिसरीला ०.८९६३ मिळतात. या चार सरासऱ्या म्हणजेच हंगामी निर्देशांक, आणि त्यांची बेरीज नेमकी ४ असायला हवी. इथे ती ३.९९९१ आहे, म्हणून प्रत्येकाला ४ भागिले ३.९९९१ ने गुणायचे. अखेरचे निर्देशांक ०.८०२१, १.००००, ०.८९६५ आणि १.३०१४.

मूळ बाराही आकड्यांना आपापल्या निर्देशांकाने भागले की हंगाम काढलेली मालिका तयार होते. ती २१२ पासून सुरू होऊन ३१९ पर्यंत जवळजवळ सरळ चढत जाते, आणि आता त्या मालिकेवर, मूळ आकड्यांवर नव्हे, ‘ट्रेंड’ लावा. रेषा २०० अधिक १०.०३ गुणिले तिमाहीचा क्रमांक अशी येते. तिमाही १३ ते १६ साठी तिच्यावरचे आकडे ३३०.४, ३४०.४, ३५०.४ आणि ३६०.५. त्यांना निर्देशांकांनी गुणले की अंदाज २६५, ३४०, ३१४ आणि ४६९.

ताळा करून पाहा. चार अंदाजांची बेरीज १३८८ होते, आणि गेल्या वर्षीच्या १२२८ मध्ये नेहमीची १६० ची वाढ मिळवली तरी १३८८ च येतात. इतका तंतोतंत मेळ दरवेळी बसेल असे नाही, पण वार्षिक बेरजेचा हा ताळा मी कधी चुकवत नाही, कारण रकान्यांमध्ये एखादी ओळ सरकली असेल तर ती चूक इथे लगेच उघडी पडते.

उत्तर : उजळणी

वरील विवेचन योग्यच आहे, पण त्यात एक निर्णय न सांगता घेतला गेला आहे, तो उघड करतो. भागाकार करून निर्देशांक काढणे म्हणजे गुणाकारी प्रारूप स्वीकारणे : हंगामाचा परिणाम पातळीच्या अमुक टक्के असतो, असे मानणे. याला पर्याय बेरजेच्या प्रारूपाचा आहे, ज्यात हंगाम पातळीपेक्षा ठरावीक इतके नग वर किंवा खाली असतो आणि भागाकाराच्या जागी वजाबाकी येते. कोणते प्रारूप घ्यायचे हे आकड्यांनाच विचारावे. तुमच्या चौथ्या तिमाहीचा पातळीपासूनचा फरक पहिल्या वर्षी ७१ होता आणि दुसऱ्या वर्षी ८६ झाला; गुणोत्तर मात्र १.२९५ आणि १.३०७, म्हणजे जवळपास जागच्या जागी. फरक वाढतो आणि गुणोत्तर स्थिर राहते तेव्हा गुणाकारी प्रारूप घ्यावे. प्रत्येक तिमाहीसाठी दोनच निरीक्षणे हाती असताना हा निष्कर्ष फार ठामपणे मांडता येत नाही, हेही खरे.

एवढी आकडेमोड करायची नसेल तर एक्सेल २०१६ पासून ‘फोरकास्ट.ईटीएस’ हे सूत्र उपलब्ध आहे. होल्ट यांनी १९५७ मध्ये आणि विंटर्स यांनी १९६० मध्ये मांडलेल्या एक्सपोनेन्शियल स्मूदिंगच्या घराण्यातले ते सूत्र आहे. पातळी, कल आणि हंगाम या तिन्ही गोष्टी ते नव्या आकड्यागणिक सुधारत जाते आणि ताज्या आकड्यांना अधिक वजन देते. ते वापरताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. हंगामाची लांबी सांगण्याचा चौथा घटक रिकामा ठेवला तर एक्सेल ती स्वतः शोधते, आणि बाराच आकडे असतील तर त्या शोधावर विसंबण्यात अर्थ नाही. तिथे ४ असे स्पष्ट लिहावे. दुसरे म्हणजे एक्सेलमधले हे सूत्र हंगाम बेरजेचा धरते, आणि तुमच्या आकड्यांना गुणाकारी हवा. त्यावर तोडगा असा की विक्रीचा ‘एलएन’ (नैसर्गिक लॉगरिदम) घेऊन अंदाज काढावा आणि उत्तरावर ‘ईएक्सपी’ (त्याची उलट क्रिया) लावून मूळ एककात परत यावे. लिब्रेऑफिस वापरत असाल तर तिथे बेरजेचे आणि गुणाकारी अशी दोन वेगळी सूत्रे आहेत. गुणाकारी सूत्राच्या नावाच्या शेवटी ‘मल्ट’ असते.

मला स्वतःला हे सूत्र सोयीचे वाटते. पण तुमची अट पायरीपायरीने समजावून सांगता येण्याची आहे, आणि त्या बाबतीत हाताने केलेली पद्धतच सरस ठरते.

प्रश्नकर्ता : हिशेबी_नवखा

दोघांचेही आभार. वाढीचा उतारच चुकला होता हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. मी रात्री बसून सगळे पुन्हा केले, पण केंद्रित चल सरासरीऐवजी एक सोपी वाट घेतली : प्रत्येक तिमाहीच्या विक्रीला त्या वर्षाच्या तिमाही सरासरीने भागले आणि तिन्ही वर्षांची सरासरी काढली. यात कोणतीही तिमाही वाया जात नाही आणि प्रत्येक निर्देशांकाला दोनऐवजी तीन निरीक्षणे मिळतात, म्हणून हे अधिक चांगले असेल असे वाटले. निर्देशांक ०.७५१४, ०.९७१६, ०.९१३३ आणि १.३६३७ आले, आणि त्यांची बेरीजही नेमकी ४ भरली. अंदाज मात्र २४५, ३२५, ३१४ आणि ४८१ असे आले, आणि त्यांची बेरीज सुमारे १३६५ होते. वार्षिक ताळ्यात २३ कमी पडतात. चूक कुठे आहे?

उत्तर : काटेकोर

बेरीज ४ भरणे हा निर्देशांक बरोबर असल्याचा पुरावा नव्हे. तुमच्या पद्धतीत ती भरणारच, कारण प्रत्येक वर्षाचे चार आकडे त्याच वर्षाच्या सरासरीने भागलेले आहेत.

हंगाम काढल्यावर तुमची मालिका कशी दिसते ते बघा. पहिल्या वर्षी साधारण २२६, २२४, २२९, २२७. दुसऱ्या वर्षी २६४, २७१, २६३, २६८. तिसऱ्या वर्षी ३११, ३०६, ३०९, ३०४. या तर जिन्याच्या पायऱ्या झाल्या. वर्षभर पातळी सपाट राहते आणि वर्ष बदलताच एकदम चाळीसने उडी घेते. विक्री अशी वाढत नाही. ती वर्षाच्या आतही तिमाहीला दहाने वाढते आहे. तुम्ही वर्षाची सरासरी वापरली तेव्हा वर्षाच्या आतली ही वाढ निर्देशांकांत जाऊन बसली. पहिली तिमाही वर्षाच्या आरंभी असल्याने वाढत्या मालिकेत ती वार्षिक सरासरीपेक्षा आपोआप खाली असते, मग तिला हंगाम असो वा नसो. चौथी त्याच न्यायाने वर असते. म्हणून पहिलीचा निर्देशांक ०.८०२१ ऐवजी ०.७५१४ झाला आणि चौथीचा १.३०१४ ऐवजी १.३६३७. जी वाढ हंगामात गेली ती कलरेषेतून वजा झाली, आणि उतार १०.०३ वरून ९.०३ वर आला. बेरजेतली तूट त्यातूनच आली आहे.

गंमत अशी की पहिल्या वेळी हंगाम कलात मिसळला होता आणि या वेळी कल हंगामात मिसळला. केंद्रित चल सरासरीसाठी चार तिमाह्यांचा त्याग करावा लागतो तो एवढ्यासाठीच : ती पातळी तिमाहीगणिक सरकत जाते, त्यामुळे भागाकारात वाढ उरत नाही. विक्री वर्षानुवर्षे सपाट असेल तर तुमची सोपी पद्धत चालते आणि तिला तशी मान्यताही आहे. वाढत्या मालिकेला ती लावू नये.

उत्तर : जुनी_खातेवही

पद्धत बरोबर लावली गेली आहे, तेव्हा ती तपासण्याविषयी लिहिते, कारण ज्या आकड्यांवर प्रारूप बसवले त्यांच्याशीच ते जुळते हे पाहून समाधान मानण्याची खोड फार जणांना असते. तिसरे वर्ष झाकून ठेवा. फक्त पहिल्या आठ तिमाह्यांवरून निर्देशांक आणि रेषा काढा आणि तिसऱ्या वर्षाचा अंदाज करा. मी तो करून पाहिला. २३०, ३०२, २८० आणि ४१२ असे आकडे आले. प्रत्यक्षात होते २३४, २९७, २८२ आणि ४१५. सरासरी चूक सव्वा टक्क्याच्या आसपास.

हा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. त्याची तुलना कशाशी तरी हवी. सर्वांत बाळबोध अंदाज म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीचा आकडा जसाच्या तसा उचलणे. त्याची सरासरी चूक १३.४ टक्के निघते. आणि ज्या सरळ रेषेपासून ही चर्चा सुरू झाली, ती याच आठ तिमाह्यांवर बसवली तर सरासरी चूक साडेतेवीस टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणजे सूत्र न वापरता जुना आकडा नुसता उतरवून काढला असता तरी तो अंदाज ‘ट्रेंड’पेक्षा सरस ठरला असता. कोणतीही नवी पद्धत स्वीकारण्याआधी ती या बाळबोध अंदाजाला हरवते की नाही, एवढे तरी पाहावे.

तरी सव्वा टक्क्याने हुरळून जाऊ नका. तुमचे आकडे फारच शिस्तीचे आहेत. इतकी आज्ञाधारक मालिका मला माझ्या नोकरीच्या काळात क्वचितच मिळाली. आणि चाचणी अवघ्या चार बिंदूंची आहे.

ज्या गोष्टी सूत्राला दिसत नाहीत त्यांची नोंद आकड्यांच्या शेजारी एक रकाना करून ठेवावी, असे मी सुचवेन. पहिली गोष्ट म्हणजे विक्री आणि मागणी एक नसतात. एखाद्या तिमाहीत माल संपला असेल तर नोंदलेला आकडा मागणीचा नसून साठ्याचा असतो, आणि तो निर्देशांकात गेला की पुढच्या वर्षीही तितकाच माल मागवला जातो. मग टंचाई आपोआप हंगाम बनते. मी ज्या ठिकाणी काम केले तिथे एका तिमाहीचा निर्देशांक दोन वर्षे असा चुकत राहिला होता आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही. एकरकमी मोठी मागणी किंवा सवलतीची मोहीम यांची गोष्ट उलट आहे : त्या पुन्हा होणार नसतील तर त्यांचा भाग वजा करूनच निर्देशांक काढावा. सवलतीत विकलेला काही माल तर पुढच्या तिमाहीतूनच उसना आणलेला असतो, त्यामुळे शेजारचा आकडाही तपासावा लागतो.

दिवसांची संख्या ही किरकोळ पण सहज सुटणारी बाब आहे. जानेवारी ते मार्च या तिमाहीत ९० दिवस असतात, लीप वर्षात ९१. जुलै ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या दोन्ही तिमाह्यांत ९२ असतात. दोन दिवसांचा फरक दोन टक्क्यांहून थोडा अधिक होतो. तो दरवर्षी सारखाच असल्याने निर्देशांकात मुरतो, पण ज्यांचा व्यवहार फक्त कामाच्या दिवशी चालतो त्यांना तो वर्षागणिक बदलताना दिसेल. आणि तुमच्या मालिकेत २०२० सारखे वर्ष आले, तर त्या वर्षातली गुणोत्तरे सरासरीत धरू नयेत. निर्देशांकासाठी सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घेण्याची रीत अशा वेळी उपयोगी पडते, मात्र त्यासाठी निदान पाच वर्षांचे आकडे हवेत.

उत्तर : उजळणी

जुनी_खातेवही यांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून माझा एक आक्षेप नोंदवतो. प्रत्येक निर्देशांक दोनच गुणोत्तरांवर उभा असताना चार दशांश स्थळांपर्यंत ०.८०२१ लिहिणे मला पटत नाही. पहिल्या तिमाहीची दोन गुणोत्तरे ०.७९६ आणि ०.८०८ आहेत, त्यांच्यातले अंतरच दुसऱ्या दशांशात आहे. अंदाज देताना एक आकडा न देता पट्टा द्यावा.

उत्तर : काटेकोर

चार दशांश स्थळे मी आकडेमोडीच्या मधल्या पायऱ्यांसाठी ठेवली होती, नाहीतर पूर्णांकन करताना बेरीज ४ वरून हलते. पण आक्षेप योग्य आहे आणि पट्ट्याची सूचना मान्य आहे. हंगाम काढलेल्या मालिकेवर ‘एसटीईवायएक्स’ लावले की प्रमाणित चूक, म्हणजे आकडे रेषेपासून साधारण किती दूर पडतात त्याचे माप, २.८३ येते. रेषा सोळाव्या तिमाहीपर्यंत लांबवल्याने तिथली अनिश्चितता वाढते, ती धरून ९५ टक्के पट्टा (ज्यात प्रत्यक्ष आकडा शंभरात ९५ वेळा पडावा असा) रेषेवर सुमारे ८ वर आणि ८ खाली असा येतो, त्याला १.३०१४ ने गुणले की चौथ्या तिमाहीसाठी ४५८ ते ४८० मिळतात. मात्र यात निर्देशांक अचूक आहेत असे गृहीत धरले आहे, जे ते नाहीत, आणि शिवाय ज्या आकड्यांतून ते काढले त्यांच्यावरच रेषा बसवली आहे. म्हणून हा पट्टा वास्तवापेक्षा अरुंद आहे. उत्पादन किंवा साठा ठरवताना मी तो निदान दीडपट रुंद धरेन. हे दीडपट कोणत्याही सूत्रातून आलेले नाही, तो माझा अनुभवाचा ठोकताळा आहे.

प्रश्नकर्ता : हिशेबी_नवखा

केंद्रित सरासरीने पुन्हा केले आणि २६५, ३४०, ३१४, ४६९ हेच आकडे मिळाले; वार्षिक ताळाही जुळला. शेजारी नोंदींचा रकाना केला आहे. दुसऱ्या वर्षाच्या तिसऱ्या तिमाहीत काही दिवस मालाचा तुटवडा होता हे तो भरतानाच कळले, त्यामुळे २४० हा आकडा मागणीपेक्षा कमी असू शकतो. तो किती वाढवावा याची चौकशी करतो आहे.

एकच शंका उरली. समजा, येत्या पहिल्या तिमाहीत २६५ ऐवजी २५० च विक्री झाली. तर बाकीच्या तीन तिमाह्यांचा अंदाज त्याच प्रमाणात खाली आणायचा, की सगळे गणित पुन्हा मांडायचे?

उत्तर : काटेकोर

तुटवड्याचा आकडा सापडला हे फार चांगले झाले. चौकशी पूर्ण होईपर्यंत तिसऱ्या तिमाहीसाठी फक्त पहिल्या वर्षाचे गुणोत्तर, म्हणजे ०.९०८, धरून एक पर्यायी अंदाज काढून ठेवा.

शंकेविषयी : त्याच प्रमाणात खाली आणू नका. २५० ला ०.८०२१ ने भागले की हंगाम काढलेला आकडा ३११.७ येतो, आणि रेषा ३३०.४ सांगत होती. फरक १८.७ चा, म्हणजे प्रमाणित चुकीच्या सहापटींहून अधिक. एवढी तफावत नेहमीच्या चढउतारात बसत नाही, तेव्हा गणिताला हात लावण्याआधी तिचे कारण शोधावे लागेल. माल कमी पडला, मोठा ग्राहक गेला, की एखादी मागणी फक्त पुढच्या तिमाहीत सरकली, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. मागणी नुसती सरकली असेल तर दुसऱ्या तिमाहीचा अंदाज उलट वर न्यावा लागतो.

कारण सापडले नाही, तर निर्देशांक तसेच ठेवून तेरावा बिंदू रेषेत घाला आणि ‘ट्रेंड’ पुन्हा चालवा. उतार १०.०३ वरून ९.४ च्या आसपास येईल आणि चौथ्या तिमाहीचा अंदाज ४६९ वरून सुमारे ४६० होईल. प्रमाणात खाली आणला असता तर तो ४४२ झाला असता. निर्देशांक मी वर्षातून एकदाच, चारही तिमाह्या पूर्ण झाल्यावर, नव्याने काढतो.